मार्था परत आली का?

—नाही गं निधी, ती खुर्ची नाही विकायची. घर सोडतोय म्हणून मूव्हिंग सेल काढला, त्याच्या यादीत श्रीरंगनं चुकून टाकली. माझ्या नवऱ्याचं काय, दिसेल त्याला स्टिकर लावतो! या घरात राहायचंच नाहीये ना त्याला आता. तू टीव्ही ने, डायनिंग टेबल ने — तुझ्या सासूबाई येणारेत ना नागपूरहून? मग टीव्ही लागेलच. इथं अमेरिकेत, या फ्रिस्कोत, दिवसा माणूस दिसतंय कुठं, चिटपाखरू नसतं बाहेर. आमच्या आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, पहिल्या महिन्यातच वेड लागायची पाळी आली होती. मग ती सीरियल सापडली. ‘विलो लँडिंग’. रोज दुपारी एकला. तुला नाही आठवणार, चौदा महिनेच चालली, मागच्या वर्षी गाशा गुंडाळला तिनं. आई या खुर्चीत, मी खाली कार्पेटवर मेथी निवडत — आणि त्यांना इंग्लिश येत नव्हतं, मग मी सांगायचे. हा तिचा दीर, ही एक नंबरची लबाड, हिचं पोर त्याचं नाहीच! अगं, धमाल यायची. थोडं पदरचंही घालायचे मी. आईंचा जीव मात्र त्यातल्या म्हातारीवर, मार्थावर. ‘खाल्लं का गं तिनं काही?’ असं विचारायच्या.

तुझ्या सासूबाईंचा स्वभाव कसाय?... बरं बरं. आईंचाही चांगलाच होता. तेच तर! भांडल्या असत्या ना, तर सोपं गेलं असतं. पण मला नोकरी लागली, त्या बाथरूममध्ये दोनदा पडल्या, दिवसभर एकटं ठेवायचं कसं — मग श्रीरंगनं नाशिकच्या वृद्धाश्रमात खोली बघितली. चांगली होती हं, फोटो पाहिले होते आम्ही. पण सांगणार कोण? तो म्हणे तू सांग, मी म्हणे आई तुझी आहे. महिना गेला असाच. आणि योगायोग बघ — नेमकी त्याच सुमाराला मार्थाची मुलगी तिला होममध्ये ठेवायला निघाली. मार्था दाराची चौकट सोडेना, हमसून हमसून रडतेय — आणि मी काय सांगावं? म्हटलं, आई, ती आपणहून चाललीये. तिथं तिच्या वयाच्या बायका आहेत ना, आनंदानं चाललीये. आईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पडद्याकडे बघत म्हणाल्या, ‘हो, दिसतंय.’ आणि संध्याकाळी श्रीरंगला चहा देताना म्हणाल्या, ‘माझं तिकीट काढ रे.’ इंग्लिश येत नव्हतं गं, पण डोळे होते ना!

त्या नाशिकला गेल्या आणि तीन आठवड्यांत सीरियल बंद. मार्था तशीच, होमच्या खिडकीत. दर रविवारी फोन केला की आई तब्येतीचं सोडून हेच विचारायच्या — ‘मार्था परत आली का गं?’ येईल म्हणायचे, सुट्टीत आणणारेत म्हणायचे. किती वेळा म्हणणार? एका रविवारी म्हटलं, आली हो आई! खालचीच खोली दिली तिला. — का म्हटलं? त्यांना बरं वाटावं म्हणून. खरं सांगू, मला बरं वाटावं म्हणून. मग म्हणाल्या, ‘बरं झालं बाई.’ पुढचे पाच रविवार एकदाही विचारलं नाही त्यांनी. मला वाटलं, सुटले! सहाव्या आठवड्यात आश्रमातून फोन — झोपेतच गेल्या. आणि तिथल्या शोभाताई म्हणाल्या, ‘तुम्ही न्यायला येणार होतात का हो? महिनाभर बॅग भरून दाराशी ठेवली होती त्यांनी. रोज आंघोळ करून, चांगलं पातळ नेसून बॅगेजवळ बसायच्या.’

मी कुठं म्हटलं होतं न्यायला येते म्हणून? मी तर मार्थाचं सांगत होते. मार्थाचंच सांगत होते ना गं मी?... नको, पाणी नको.

किती वाजले? एक? अगं बाई! मग टीव्ही उद्या ने तू. हो, माहितीये मला सीरियल बंद झालीये, वायरसुद्धा काढून ठेवलीये. तू नीघ आता. दार ओढून घे जाताना. आणि निधी — खुर्चीसमोर अशी मध्ये नको गं उभी राहूस, बाजूनं जा. त्यांना दिसत नाहीये.