दस्त्याच्या पट्टीखालचा कागद

नाव: बाल्झ इंडरगांड. वय: ६६ वर्षे. धंदा: निवृत्त, लष्करी शस्त्रागारात एकतीस वर्षे रायफल दुरुस्ती. राहणार: श्पिरिंगेन, उरी प्रांत, स्वित्झर्लंड.

मी आल्टडॉर्फ पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, कोणाच्या दबावाशिवाय, विचारल्यावरून सांगतो की,

आज शनिवार, दि. १४ ऑक्टोबर २०२३ रोजी सकाळी नऊ वाजता मी शेजारीण रेगुला ट्रेश, वय ३४, हिच्यासोबत ब्युर्ग्लेन येथे कास्पर फुरर याच्या घरी गेलो. रेगुलाला नेमबाजीच्या सामन्यांसाठी लष्करातून निघालेली जुनी रायफल घ्यायची होती. कास्परला त्याच्या वडिलांची विकायची होती. "बाल्झकाका, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, तुम्ही चला," असे ती म्हणाली. या खोऱ्यात रायफल पाहायला मलाच नेतात. माझी पारख आजवर चुकलेली नाही.

मी आधी बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत ढकलणारा मागचा दांडा, काढून नळी उजेडाकडे धरतो. आतल्या खोबणी चकचकीत हव्यात. तोंडाशी काळे कडे दिसले तर तो गंज, मग ती रायफल भिंतीवर टांगायलाच बरी. नळी, सांगाडा आणि बोल्ट यांवरचा आकडा एकच हवा. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट बसतो म्हणून तो चालतो असे नाही, काडतूस गालाशी फुटू शकते. विकणारा "वडिलांनी वापरलीच नाही" म्हणाला, की दस्त्याचे खालचे लाकूड पाहावे. वापरलेली असेल तर बर्फात खिळ्यांच्या बुटांनी ते ठेचलेले असते. ही रायफल सगळ्यात पैकीच्या पैकी निघाली.

शेवटी मी दस्त्याच्या टोकाच्या लोखंडी पट्टीचे दोन स्क्रू काढायला घेतले. कास्पर म्हणाला, "आता तिची आतडी बाहेर काढणार का? नळी बघितलीस ना, झालं!" मी म्हणालो, "तू कॉफी कर, मला शिकवू नकोस." आमच्याकडचे शिपाई नाव, तुकडी आणि गाव कागदावर लिहून या पट्टीखाली ठेवत. तो पाहिल्याशिवाय मी कोणाला रायफल घेऊ देत नाही.

कागदावर 'अलोइस इंडरगांड, श्पिरिंगेन' असे होते. हे माझे वडील. लष्करातून निघाल्यावर त्यांना मिळालेली रायफल कपाटातून चोरीला गेल्याची तक्रार त्यांनी ९ सप्टेंबर १९७४ रोजी याच ठाण्यात दिली होती.

मी कास्परला "तुझा बाप चोरीचा माल घेणारा" असे म्हणालो. रायफल परत दिली नाही, हे खरे आहे. त्याला कोपराने ढकलले, हेही खरे आहे. रायफलीत काडतूस नव्हते आणि बोल्ट रेगुलाच्या पिशवीत होता. कास्परने फोन केला आणि आम्हा सर्वांना येथे आणण्यात आले.

त्यानंतर कास्परने घरून वडिलांचा पत्र्याचा डबा आणला. त्यात एक चिठ्ठी निघाली: 'माझी रायफल आज योहान फुरर यांना राजीखुशीने विकली. माझ्या घरी कळू नये. अलोइस इंडरगांड, २ सप्टेंबर १९७४.' अक्षर मी ओळखले. ते वडिलांचेच आहे. आमच्याकडे शिपायाने रायफल विकली तर त्याला चारचौघांत तोंड दाखवायला जागा राहत नसे. त्या उन्हाळ्यात आमची दुभती गाय मेली होती. सप्टेंबरात गोठ्यात नवी आली. ती कशी आली, हे मी विचारले नव्हते.

तेव्हा, वय १७ असताना, मी येथे जबाब दिला होता की रायफल थोरला भाऊ मेल्क यानेच नेली, माझी खात्री आहे. मी त्याला नेताना पाहिले नव्हते. तो उडाणटप्पू होता, एवढ्यावरून माझी खात्री झाली होती. मेल्क येथेच बाकावर बसला होता. तो म्हणाला, "बाल्झ, तू पाहिलंस का? एवढंच सांग." मी म्हणालो, "तुला ओळखायला पाहावं कशाला लागतंय?" वडील त्याच बाकावर, त्याच्या शेजारी होते. ते काही बोलले नाहीत.

पुरावा नसल्याने खटला झाला नाही. मेल्क त्याच आठवड्यात घर सोडून गेला. वडिलांच्या मातीला तो आला नाही, आणि आला नाही याचाही मी त्याच्यावरच राग धरला. तो कूरला राहतो. एकोणपन्नास वर्षांत मी त्याच्याशी बोललेलो नाही. मला लाज वाटते, हे लिहून घ्यावे. अंमलदार म्हणाले की त्याची गरज नाही. तरी लिहून घ्यावे.

कास्परची मी माफी मागितली आहे. रेगुलाने रायफल खुशाल घ्यावी, नळी उत्तम आहे. चिठ्ठीची आणि या जबाबाची प्रत मला आजच मिळावी. उद्या पहिल्या गाडीने कूरला जायचे आहे. तो दार उघडेल की नाही, हे मी खात्रीने सांगू शकत नाही.

हा जबाब अंमलदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. १९७४ चाही असाच वाचून दाखवला होता. तोही बरोबर आहे म्हणून मी सही केली होती.

(सही) बाल्झ इंडरगांड