वाकड्या करंगळीची साक्ष

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील आपले प्रकाशक सर, आज ज्यांना निरोप द्यायचा ते आपले चित्रकार मास्तर, पहिल्या रांगेतल्या वहिनी आणि सहकारी मित्रहो,

मी संगणकावर आकृत्या काढते, भाषणं करत नाही. पण माझं टेबल मास्तरांच्या शेजारी, म्हणून ही जबाबदारी माझ्याकडे आली.

मास्तरांच्या शरीररचनेच्या चित्रसंग्रहाची चोरटी आवृत्ती परदेशात विकली जात होती. आपली तिथे कॉपीराइटची नोंदणी नव्हती. तरी दोन्ही देश एकाच आंतरराष्ट्रीय करारात असल्यामुळे हक्क होता. नक्कल मात्र आपणच सिद्ध करायची होती. समोरचे म्हणाले, "माणसाचा हात सगळीकडे सारखाच. त्यावर मालकी कोणाची?" प्रश्न अगदीच चुकीचा होता का?

उत्तर वहिनींनी दिलं. मास्तरांचा विसरलेला चष्मा द्यायला त्या आल्या आणि टेबलावरचं परदेशी पुस्तक बघून म्हणाल्या, "अहो, हा तर तुमचा हात! या हाताला घरातला नळ दुरुस्त करायला सांगून थकलेय मी. ही करंगळी ओळखणार नाही?"

मास्तर म्हणाले, "हळू बोल गं."

कारण प्रस्तावनेत छापलं होतं की प्रत्येक चित्र शवविच्छेदनावरून काढलेलं आहे. या एका चित्राची बाह्यरेषा मास्तरांनी स्वतःच्या डाव्या हातावरून घेतली होती. लहानपणी मोडलेली करंगळी वाकडीच जुळली होती, ती तशीच चित्रात उतरली. हे सांगितलं तर दावा जिंकणार, पण आयुष्यभर जपलेला अचूकपणाचा लौकिक जाणार. प्रकाशक सर एवढंच म्हणाले, "सरळ बोटानं तूप निघत नाही, मास्तर. पण बोट तुमचं आहे, तुम्ही ठरवा."

ऑनलाइन सुनावणीत मास्तरांनी कॅमेऱ्यासमोर हात धरला. "ही चूक माझी आहे," ते म्हणाले. "त्यांच्या पुस्तकात ती कुठून आली, ते त्यांनी सांगावं."

निकाल आपल्या बाजूनं लागला. विक्री थांबली.

नंतर मास्तर मला म्हणाले, "आता तरी चित्रातली ती करंगळी सरळ कर." मी केली; विद्यार्थ्यांना चुकीचं शिकवता येत नाही. पण नव्या आवृत्तीच्या पहिल्या पानावर जुना हात तसाच ठेवला आहे, आणि त्याखाली आजवर एकाही आवृत्तीत नसलेलं चित्रकाराचं नाव आहे.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही वाकडं गेलं असेल, तर ते माझं समजून पोटात घाला.

मास्तर, ही पहिली प्रत. मघापासून तुमचा डावा हात खिशात आहे. पुस्तक जड आहे. दोन्ही हात लागतील.