गोदाक्काचा उपवासाचा कप

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. एक प्रश्न विचारतो. खरं बोलून कुणाचा जीव घेता येतो का? हसू नका! खोटं बोलून घेतात, हे शेंबडं पोरही सांगेल. मी विचारतोय, खरं बोलून! अक्षर न् अक्षर खरं, आणि समोरचं माणूस मेलं. होतं का असं? ऐका तर.

कराडजवळच्या एका गावात गोदाक्का नावाची विधवा बाई होती. आईबाप गेले तेव्हा धाकटा भाऊ मुकुंदा रांगत होता. हिनं म्हशी पाळल्या, घरोघर दूध घातलं, त्याला वाढवलं, शिकवलं. पुढं तो मोठ्या शहरात हॉटेलात लागला आणि तिथं एक इटलीची विद्या शिकला. जिलाटो! आमचे पखवाजवाले बघतायत, हे काय आणि? अहो, इटलीतलं आइस्क्रीमच ते. पण साय कमी, दूध जास्त, आणि घुसळताना हवा कमी. आपल्या आइस्क्रीमच्या कपात निम्मी हवाच असते. हो, काही कीर्तनकारांसारखी!

मुकुंदानं कराडात दुकान टाकलं. दूध बहिणीच्याच म्हशींचं. बाहेर पाटी लावली – 'आइस्क्रीमपेक्षा स्निग्धांश निम्मा. अंडं नाही. उपवासाला चालेल!' झालं! आपल्या लोकांचं काय हो, 'उपवासाला चालेल' म्हटलं की जेवणाच्या दुप्पट खातो आपण. एकादशीला दुकानापुढं ही गर्दी!

आता गोदाक्काला साखरेचा आजार. आणि उपवास? सोमवार, चतुर्थी, एकादशी, प्रदोष – जेवणाचे दिवस शोधावे लागायचे! उपवासाला गोळीही नाही. का? तर म्हणे, "गोळी जेवल्यावर घ्यायची अस्ती. जेवणच न्हाई, तर गोळी कशाला?" डॉक्टरांना विचारलं का? नाही! ते नको म्हणाले असते ना! आपण विचारायला कुणाकडे जातो? जो हो म्हणेल त्याच्याकडे. गोदाक्का भावाकडे गेली.

"मुकुंदा, मला साखर हाय रं. ह्ये चालंल न्हवं मला?"

मंडळी, इथं नीट ऐका. मुकुंदाला माहीत होतं! साखर त्यानंच ओतली होती. आइस्क्रीमपेक्षा कमी नाही, सीताफळाच्या कपात तर जास्तच. शिवाय हवा कमी म्हणजे कप जड, एवढ्याशा कपात ऐवज जास्त. पण समोर गिऱ्हाइकं उभी – कान देऊन! तो म्हणाला,

"अक्का, आइस्क्रीमपरास लई हलकं. साय निम्मीच हाय ह्याच्यात."

खोटं बोलला? नाही! एक अक्षर खोटं नाही. तिनं विचारलं साखरेचं, आणि ह्यानं सांगितलं सायीचं.

ती निर्धास्त झाली. दर उपवासाला अनवाणी देवळात जायची, येताना भावाच्या दुकानात बसून सीताफळाचा कप खायची. "माज्या भावानं केलंय," म्हणून बायकांना कौतुकानं सांगायची. असं वर्षानुवर्षं चाललं. मग एका श्रावणी सोमवारी तळपायात काटा मोडला. तिला कळलंच नाही! साखरेनं पायाची जाणीव कधीच खाल्ली होती. वास यायला लागला तेव्हा मुकुंदानं तिचा पाय मांडीवर घेऊन बघितला, आणि तसंच तिला उचलून नेलं. दवाखान्यात गुडघ्याखालचा पाय काढला. तरी विष वर चढतच राहिलं.

शेवटी काय म्हणाली, माहीत आहे? "मुकुंदा, रडू नगंस. आन् दुकान बंद ठिवू नगंस बाबा. उद्या एकादशी हाय, लोकं उपाशी येत्याल."

त्याच एकादशीला ती गेली.

दहाव्याला कृष्णेच्या घाटावर पिंड ठेवले. भावकी म्हणाली, तिच्या आवडीचं ठेव. मुकुंदानं सीताफळाचा कप ठेवला. मनात म्हणत होता, कावळा शिवू नये! अक्का रुसेल, अडवून धरेल, सगळ्यांसमोर माझ्या तोंडून वदवून घेईल. आणि मंडळी, त्यानं हात मागं घेतला न घेतला तोच कावळा आला! सरळ कपात चोच! लोक म्हणाले, "सुटली बाई, समाधानानं गेली." मुकुंदा वाळूत पडून गुरासारखा हंबरला. तिचं काही मागणंच राहिलं नव्हतं हो! राग नाही, गाऱ्हाणं नाही. त्याला शिक्षा द्यायलाही कुणी उरलं नाही.

आता मुकुंदाला नावं ठेवू नका! थोड्या वेळानं इथं प्रसादाचा शिरा वाटतील. कुणीतरी "मला साखर आहे, चालेल का?" म्हणत हात मागं घेईल, आणि तुम्हीच म्हणाल, "अहो घ्या, तुपातला आहे, देवाचा आहे!" त्यानं तुम्हाला तुपाचं विचारलं होतं का? देवाचं विचारलं होतं का? त्याच्या हातावर फूल ठेवा. देव रुसत नाही. आणि घरचं माणूस "मला चालेल का?" म्हणालं, तर जे विचारलंय त्याचंच उत्तर द्या. ते रागावेल, दोन दिवस बोलणार नाही. नाही बोललं तर नाही बोललं – जिवंत तर राहील!