ताई घरात नाहीत

वाजलाच नाही हो! साडेदहा झाले, दहा पस्तीस झाले, मी एका हातात कंगवा धरून, दचकायची सगळी तयारी करून उभी, आणि फोन वाजलाच नाही! तुम्हाला सांगते, चार महिने, रविवार सोडून रोज, बरोब्बर साडेदहाला त्या वसुलीवाल्याचा फोन यायचा. मी त्याचं नावच 'साडेदहा' ठेवलं होतं. रोज मी दचकायची, रोज हातातून एक तरी भांडं पडायचं, खालच्या मजल्यावरच्या काकू त्यावर घड्याळ लावायच्या... आणि त्या दिवशी सगळं गप्प. सुटले एकदाची, असं म्हणावं ना माणसानं? छे! मी फोन उलटासुलटा करून पाहिला, चार्जिंग आहे, रेंज आहे, मग म्हटलं, याला काही झालं तर नसेल ना? ताप वगैरे? वसुलीवाल्याची काळजी! पण विचार करा, मला रोज न चुकता फोन करणारं दुसरं होतं कोण?

कर्ज कसलं म्हणाल, तर संसाराचं. नवरा नाही हो, मैत्रीण! कॉलेजातली. "आपण दोघी मिळून घर करू गं," असं तीच म्हणाली, आणि मग दोन पलंग, फ्रिज, धुण्याचं मशीन, तीन माणसं ऐसपैस बसतील असा सोफा, सगळं कर्जावर, आणि सह्या माझ्या, कारण पगार मला होता, तिला नुसता उत्साह. चौथ्या महिन्यात तिला लांब कुठे नोकरी लागली. "अर्धा हप्ता पाठवते हं" म्हणत गेली ती गेलीच. आता माझे मेसेज पोचतात, दोन निळ्या खुणा येतात, बास. आईला मी अजून सांगितलेलं नाही. ती फोनवर विचारते, "मैत्रीण कुठंय तुझी?" मी म्हणते, "आंघोळीला गेलीय." आठ महिने झाले, ती आंघोळच करतेय! मी खोटारडी नाही हो, मी घाबरट आहे.

तर साडेदहाचा पहिला फोन. "नमस्कार, ताई आहेत का?" आवाज असा, की बादलीतून बोलतोय. माझ्या तोंडून निसटलं, "ताई घरात नाहीत." "आपण कोण?" "मी... धाकटी बहीण." आता मला बहीण नाही, भाऊ नाही, मी एकुलती एक! पण एकदा जन्माला घातली की तिचं करायचं काय? दुसऱ्या दिवशी तीच बोलली, तिसऱ्या दिवशी तीच. आणि साडेदहा तिच्याशी इतका गोड! "तुम्ही समजूतदार वाटता. ताई ओरडत नाहीत ना तुमच्यावर?" मी म्हणायची, "नाही हो, चांगली आहे ती, जरा घाबरते." "मग त्यांना सांगा, घाबरू नका, आपण लहान हप्ते पाडू. फक्त एकदा स्वतः बोला म्हणावं." "सांगते हं." आणि मी सांगायची! फोन ठेवला की त्या सोफ्याकडे बघून मोठ्यानं सांगायची, "अगं, एकदा बोल की त्यांच्याशी!" सोफा काय बोलणार? मी खोटारडी नाही हो, मी घाबरट आहे.

फोन बंद झाला त्याच्या चौथ्या दिवशी दारावर बेल. कोर्टाचा माणूस. मी तोंड उघडलं, "ताई घरा..." तो म्हणाला, "दारावर एकच नाव आहे. इथे सही करा." केली. कर्जवाल्या कंपनीनं दावा ठोकला होता! कंपनी वादी आणि मी प्रतिवादी. मी! जिनं रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून कधी वाद घातला नाही, ती! आणि आत काय लिहिलेलं? 'प्रतिवादी जाणूनबुजून बोलणे टाळते. प्रतिवादीसोबत राहणाऱ्या तिच्या धाकट्या बहिणीकडे वेळोवेळी निरोप दिलेले आहेत.' आणि साक्षीदारांच्या यादीत क्रमांक दोन, धाकटी बहीण! नाव माहीत नाही, पत्ता वरीलप्रमाणे. खरं सांगू? ते 'सोबत राहणाऱ्या' मी तीनदा वाचलं. कोर्टाच्या कागदावर का होईना, माझ्या घरात दोघीजणी राहतात... बरं वाटलं. वेडी आहे मी.

दातांच्या दवाखान्यात नोकरी माझी, पेशंटना आठवणीचे फोन करायचे आणि गल्ला सांभाळायचा. एक वकील आले होते दाढ काढायला. बिल करता करता विचारलं हळूच, "माझ्या एका बहिणीची केस आहे..." त्यांच्या तोंडात कापूस, अर्धा जबडा बधिर! "थालखेच्या आत थडजोड कला. लेखी घ्या. आनि बहिनीला शांगा, श्वथा बोल!" नाहीतर म्हणे एकतर्फी निकाल, आणि मग पगारातून कापायची नोटीस थेट डॉक्टरांच्या टेबलावर. कर्जबुडवीच्या हातात गल्ला कोण ठेवेल हो? आणि तारीख कधी, तर गुरुवार!

सोमवारी मीच त्या 'साडेदहा'ला फोन लावला, उचलला नाही. सात वेळा. मंगळवारी अकरा वेळा. मग कंपनीचा मोठा नंबर लावला. मशीन म्हणालं, "कर्जदार असाल तर एक दाबा, कर्जदाराचे नातेवाईक असाल तर दोन दाबा." आणि मी... दोन दाबलं! सवय हो! पंचवीस मिनिटं गाणं ऐकल्यावर एक मुलगी आली, "सॉरी मॅडम, नातेवाइकांशी आम्ही कर्जाबद्दल बोलत नाही," आणि फोन बंद. स्वतःच्या कर्जात मी परकी! मी खोटारडी नाही हो, मी...

असो. काल बुधवार. सकाळचे साडेदहा. सोफ्याच्या एका टोकाला बसले, वाक्य पाठ केलेलं, 'नमस्कार, मी कर्जदार स्वतः बोलतेय, दर महिन्याला इतके भरीन, मला लेखी द्या.' रिंग गेली. चार... सहा... आठ... आणि उचलला!

"कोण, धाकट्या ताई? अहो, ऑपरेशन होतं माझं, आजच आलो कामावर! कशा आहात?"

कशा आहात! किती दिवसांनी कुणीतरी नुसत्या श्वासावरून ओळखलं हो मला! पाठ केलेलं वाक्य कुठल्या कुठे...

"अहो, उद्या तारीख आहे ना," तो म्हणाला, "आज तरी ताई घरात आहेत का?"

म्हटलं, "हो, आहे ना. थांबा हं, देते."

आणि फोन या कानावरून काढून त्या कानाला लावला.