शिकाऊ पोरीची माफी

दवाखान्यातल्या औषधाच्या खिडकीपुढे रांगेत आजोबा उभे होते. त्यांच्या पुढे मायलेकी होत्या.

“सर दिसले की मुकाट्याने माफी माग. शिकाऊ पोरीने उलट बोलायचं?”

“बाळाच्या चिठ्ठीवर त्यांनी मोठ्यांचं औषध काढलं, आई! मी बाटली हातातून सोडलीच नाही.”

“त्यांना दाखवायचं ना!”

“दाखवलं. म्हणाले, हात चालव, तोंड नको. मग मी डॉक्टरांना फोन लावला. औषध बदललं, आणि मला प्रशिक्षणातून काढलं.”

“हे काल का नाही बोललीस?”

“तू विचारलंस कुठे? आल्या आल्या माझ्यावरच तोंडसुख घेतलंस.”

“पुढचं कोण?” खिडकीतून सर ओरडले.

आईने खिडकीत डोकं घातलं. “मी. माफी मागायला आले होते. आता तुमची ऐकूनच जाणार.”

“सावकाश होऊ दे, बाई,” मागून आजोबा म्हणाले. “मला घाई नाही.”