मुजोर तण

छातीच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी बाप-लेक बसले होते. कालव्यातल्या तणावर औषध फवारण्यात बापाचा जन्म गेला होता. लेक प्रयोगशाळेत त्याच तणाची तपासणी करायची.

“बाबा, तणाचा निकाल आला.”

“मग? तण मरेना, म्हणजे औषधात भेसळच निघाली ना?”

“नाही हो. औषध चांगलं आहे. तणच बदललंय.”

“कसं बदलेल? बाहेरून आलं तेव्हापासून बघतोय मी. पान तेच, फूल तेच.”

“दिसायला तेच, आतून नाही. जुनी जपून ठेवलेली पानं आणि आताची ताडून पाहिली. पूर्वी त्यात नाना तऱ्हा होत्या. फवारणीत बहुतेक मेल्या. मोजकी झाडं मुळातच औषधाला दाद न देणारी होती, ती तगली. त्यांचंच बी पडत गेलं. आता कालवाभर त्यांचीच पोरं.”

“म्हणजे गरीब तेवढी मी मारली, आणि मुजोरांना जागा करून दिली.”

“तुमचा काय दोष त्यात?”

“दोष नाही गं. पण ही छाती त्यापायीच गेली ना?”

लेकीने ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं.

“रडू नको, लोक बघतायत. एक कर, हे आईला सांगू नकोस.”

“का?”

“ती अजून येईल त्याला सांगते, आमच्या ह्यांच्यामुळे कालवा वाहतो म्हणून.”