डेन्व्हरच्या गाडीतला जॉर्ज

ओमाहातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोन म्हातारे बसले होते, एक गोरा, एक काळा. आपण चाळीस वर्षं रेल्वेच्या झोपायच्या डब्यात पोर्टर, म्हणजे प्रवाशांची सरबराई करणारा नोकर होतो, असं काळे आजोबा म्हणाले, तसे गोरे आजोबा सरसावून बसले.

“डेन्व्हर–शिकागो गाडीवर होतात का कधी?”

“होतो की, साहेब.”

“मग तिथल्या जॉर्ज पोर्टरला ओळखत असाल. मी सात वर्षांचा होतो. आईला पुरून मामाकडे एकटाच निघालो होतो. सगळ्यांसारखे माझेही बूट, सुतळीनं बांधलेले, त्यानं रात्री पॉलिशला नेले. सकाळी बघतो तर माझ्या बुटांना धड नाड्या, आणि त्याचे स्वतःचे बूट माझ्या सुतळीनं बांधलेले.”

“आडनाव?”

“नुसतं जॉर्ज. कंपनीला चार पत्रं लिहिली. सापडत नाही म्हणतात.”

“कसा सापडेल? प्रवासी आम्हां सगळ्याच पोर्टरांना जॉर्ज म्हणायचे. कंपनीच्या पहिल्या मालकाचं नाव ते; त्याचे नोकर म्हणून आम्ही सगळे जॉर्ज. मीही जॉर्जच होतो.”

“आणि खरं नाव?”

“माझं लेमुएल.”

“त्याचं काय असेल हो?”

“ते तेव्हाच विचारायचं होतं, साहेब. पण तुम्ही तर पोर होता. मोठी माणसंही विचारत नव्हती.”

“मी मुलाचं नाव जॉर्ज ठेवलंय. त्याच्यावरून.”

“मुलाला ठाऊक आहे?”

“ही बुटांची गोष्ट ऐकतच वाढलाय तो.”

“मग ते नाव खरं कोणाचं होतं, ते त्याला सांगू नका.”